शेऱ्याचा रकाना

मार्च संपायला सहा दिवस उरलेत
आणि साहेबांनी मला बागेत पाठवलंय
निर्लेखनाची नोंदवही देऊन.
वस्तू. नग. स्थिती. शेरा.
वर तोंडी आठवण :
भंगारवाला सोमवारी येतो.

वेंगुर्ल्याच्या बंदराला बोटी लागायच्या
तेव्हाची ही बाग.
उतारूंनी वाट बघत बसावं म्हणून बांधलेला
आठ खांबांचा मंडप अजून उभा आहे,
बोट येत नाही, एवढंच.
कोनशिलेवरचं नाव खाऱ्या वाऱ्याने खाल्लं,
तळाशी फक्त 'यांच्या शुभहस्ते' उरलंय.
कुणाच्या, ते त्या हातांना ठाऊक.

रुजाय माळी माझ्या मागून चालतो,
झारी खाली न ठेवता.
झोपाळे, नग चार. साखळ्या, तीन जोड.
घसरगुंडी, पत्रा फाटलेला.
ह्याच पत्र्याने चौथीत माझा परकर टरकावला होता,
पण तसा रकाना नाही.
सुरंगीची झाडं तीन, अंगभर फुललेली.
झाडं ह्या वहीत येत नाहीत.

तोफ, नग एक.
'ती खेळणी नाय गे बाय,' रुजाय म्हणतो.
पण तिची पाठ बघा,
एवढी गुळगुळीत कुठल्या लढाईने केली नसेल,
पोरांच्या चड्ड्यांनी केली, पिढ्यान्‌पिढ्या.

मग रेडिओघर. आत रेडिओ नाही,
खिडकीत चिमण्यांचं गवत.
रापणीचे लोक संध्याकाळी इथे जमायचे,
हवामान ऐकायचे,
ऐकून हसायचे
आणि आभाळाकडे बघून घरी जायचे.

सी-सॉ, नग एक.
इथे पेन अडतं.
गंज आहे. पण फळी फणसाची,
मधला कणा सरळ.
हाताने दाबलं तर नुसतं कुरकुरतं.
स्थिती काय लिहू?
'एकट्यान काय कळतला तां? बसान बघ.'
झारी पहिल्यांदाच खाली ठेवून
रुजाय पलीकडच्या टोकाला बसतो,
गुडघे कानांशी.

माझं वय एकेचाळीस.
पदर खोचलेला, मांडीवर सरकारी वही.
मंडपात पत्ते कुटणारे चार निवृत्त मास्तर
डाव अर्धा ठेवून बघतात.

मी जड. रुजाय चिपाडासारखा वर जातो
आणि वरूनच सांगतो,
'दर्यो दिसता.'

काहीतरीच. भिंत आठ फुटांची आहे.
गेल्या वर्षी वाढवली,
बिल मीच मंजुरीला ठेवलं होतं.
'तुका पन दिसतलो. पाय मार.'

पाय मारते.
पोटात तेच ते रिकामं, चौथीतलं,
आणि भिंतीवर रोवलेल्या काचांच्या वरून
निळी चिंधी एक,
तिच्यावर ट्रॉलर, मुंगीएवढा,
एका श्वासापुरता.
मग भिंत.
मग परत समुद्र.
किती वेळा, ते मोजलं नाही,
मोजायलाच पाठवलेली बाई मी.

'बाई, तुमचा झाला काय?'
सुरंगीखाली दोन पोरं,
एकाच्या हातात अर्धी कैरी.
'आता आमचो नंबर.'

उतरले. तळव्यांना गंज, पदरालाही.
वहीवर अंगठ्याचा तांबूस ठसा उठला
सही करायच्या आधीच.
त्याच्या शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
'चालू. दोन माणसे लागतात.'

साहेब विचारतील, कोण दोन?
तेव्हाचं तेव्हा.